अडीच सूत

कोलकात्याच्या मलिक बाजारात इंच अजून जिवंत आहे. मेट्रिक मापांचा कायदा देशात १९५६ साली झाला, शाळेत आम्ही सेंटिमीटर शिकलो, कापड मीटरवर गेलं. पण जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या या बाजारात अजून इंचाचे आठ भाग करतात आणि त्यातल्या एकेका भागाला ‘सूत’ म्हणतात. आपल्याकडचा सुतार आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर वापरतो तोच शब्द. हिंदीत सूत, बंगालीत सुतो. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण म्हणजे सहा. मी मिरजेची, लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. माझ्या भाषेतले जे थोडे शब्द या शहराने मला आहेत तसे परत दिले, त्यांत हा एक. आणि तो मला घरातल्या माणसांकडून मिळाला नाही, घरातल्या गाडीमुळे मिळाला.

गाडी म्हणजे १९७७ सालची अँबॅसेडर, मार्क ३. सासऱ्यांनी घेतलेली. या गाडीचा सांगाडा मूळचा मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ चा. इंग्लंडमध्ये ते मॉडेल बंद झालं आणि इथे हुगळीकाठी उत्तरपाड्याला ते नाव बदलून २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिलं. इंजिनही तिकडचंच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’मधलं, १४८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास २.८७५ इंच आणि पिस्टनची धाव साडेतीन इंच. म्हणजे मलिक बाजाराच्या हिशेबात दोन इंच सात सूत आणि तीन इंच चार सूत. मेट्रिकमध्ये हे आकडे ७३.०२५ आणि ८८.९ मिलीमीटर होतात, आणि मग ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. हेच इंजिन ऑस्टिन केंब्रिजमध्ये होतं, वूल्झली १५/५० मध्ये होतं, एमजी मॅग्नेटमध्ये आणि एमजीए या दोन सीटच्या स्पोर्ट्‌स गाडीतही होतं. कार्बोरेटर निराळे, कॉम्प्रेशन निराळं, घराणं एक. ही भावंडं एकेकाळी कोलकात्याच्या रस्त्यांवर फिरत होती. आता त्यांची हाडं मलिक बाजारात मिळतात.

माझ्या नवऱ्याने हे इंजिन खोलून नव्याने बांधायला घेतलं होतं. ब्लॉक बोअर करून आणला, चाळीस थाउ ओव्हरसाइझचे पिस्टन आणले, क्रँकशाफ्ट घासून त्याच्या मापाच्या बेअरिंगा बसवल्या, हेडला फेसिंग करून घेतलं, व्हॉल्व्ह आणि गाइड नवे घातले. नट, बोल्ट, स्प्रिंगा बिस्किटांच्या डब्यांत. डब्यांवर बंगालीत चिठ्ठ्या. हे सगळं ज्या मिस्त्रींच्या मदतीने चाललं होतं त्यांना तो चाचा म्हणायचा, म्हणून मीही चाचा म्हणते आणि ते मला बहू म्हणतात. पार्क सर्कसजवळच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज, म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि एक बाक. भाद्रपदात नवरा गेला, अचानक. तेव्हा इंजिन जवळजवळ पुरं झालं होतं. राहिली होती एक गोष्ट.

ती गोष्ट म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. कार्बोरेटरमधून आलेलं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारी ही ओतीव नळी. आमच्या मूळच्या मॅनिफोल्डचा एक कान, म्हणजे स्टडवर बसणारा कडेचा भाग, कधीकाळी तुटला होता आणि कुणीतरी तो तीनदा ब्रेझिंग करून चिकटवला होता. चौथ्यांदा तो पेलणार नव्हता. नवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जुना मिळायला हवा होता, पण पिवळ्या टॅक्सी पंधरा वर्षांच्या नियमाने एकामागून एक मोडीत निघाल्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेक डिझेलच्या. डिझेल इंजिनाचा मॅनिफोल्ड आपल्या कामाचा नाही, कारण त्यावर कार्बोरेटर नसतोच.

यात घाई होती ती अशी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आमची मुदत जानेवारीच्या अखेरीस संपत होती. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा तो फॉर्म ३१. ते काम कागदांवर भागलं. पण नूतनीकरणाच्या फॉर्म २५ ला गाडी प्रत्यक्ष समोर लागते. बेलतल्याच्या मोटार कार्यालयात ती चालवत न्यायची, तपासणी द्यायची. मुदत टळली की दंड, हेलपाटे, आणि मुख्य म्हणजे घरातल्यांना बोलायला जागा. धाकट्या दिराचं म्हणणं साधं होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. तळमजल्यावरची गाडीची खोली एका औषधवाल्याला गोदाम म्हणून हवी होती, भाडं चांगलं होतं. “बौदी, तू आता मिरजेला जाऊन-येऊन राहशील. गाडी कोण बघणार?” तो म्हणाला. मी मिरजेला जाऊन-येऊन राहणार, हे कुणी ठरवलं होतं ते मला माहीत नव्हतं. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, “बौमा, इंजिनाचं कुठवर आलं?” त्यांना इंजिनात काडीचा रस नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाचांनी एक मॅनिफोल्ड आणला. ॲल्युमिनियमचा, काळवंडलेला, वजनावर विकत घेतलेला. बी सीरिजच्याच कुठल्याशा भावंडाचा होता हे भोकांवरून कळत होतं, पण अँबॅसेडरचा नव्हता. चाचांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, “खानदान एक है, बहू. घर अलग है.”

त्या पुढच्या सहा आठवड्यांत मला कळलं की न जुळणं हे एक नसतं, त्याचे प्रकार असतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

आधी या इंजिनाचा स्वभाव सांगायला हवा. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात हवा आत घ्यायला चार वाटा असतात. बी सीरिजमध्ये दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर मिळून एक पोर्ट, तिसरा आणि चौथा मिळून दुसरा. एका नळावर दोन बिऱ्हाडं. त्यात फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे तिसऱ्यानंतर लगेच चौथा, आणि दुसऱ्यानंतर लगेच पहिला; शेजारी शेजारी राहणारे पाठोपाठ घागर लावतात. आधीच्याने ओढ लावलेली असते, तिच्यावर मागचा पाणी भरतो. त्यामुळे दोघांच्या वाट्याला अगदी सारखं मिश्रण कधीच येत नाही. ही या इंजिनाची जन्माची खोड, साठ-सत्तर वर्षं लोकांनी ती सांभाळून घेतली आहे. पण या खोडीमुळे एक होतं: मॅनिफोल्डच्या सांध्यातून जराशी जरी हवा चोरून आत आली तर एक नव्हे, दोन सिलिंडर एकदम उपाशी राहतात. पेट्रोल कमी, हवा जास्त. असं मिश्रण तापट जळतं. गाडी कार्बोरेटरमधून खोकते, पुढे व्हॉल्व्हच्या कडा जळतात. नव्याने बांधलेलं इंजिन अशा चोरट्या हवेने काही महिन्यांत पुन्हा खोलायला लागू शकतं.

पहिलं न जुळणं अगदी वरवरचं निघालं. मॅनिफोल्डचे कान स्टडांवर सरकून बसले. माझा जीव भांड्यात पडला, तर चाचांनी मान हलवली. त्यांनी नवं गॅस्केट हेडवर लावलं, सुईने त्याची कड पोर्टभोवती आखली; मग तेच गॅस्केट मॅनिफोल्डवर ठेवून तिथेही आखलं. मॅनिफोल्डची भोकं हेडच्या भोकांपेक्षा एका बाजूने मोठी होती. म्हणजे आत येणाऱ्या हवेला शेवटच्या क्षणी हेडच्या कडेचा उंबरठा आडवा येणार.

इथे एक नियम आहे, तो चाचांनी बोटाने हवेत वाट काढून दाखवला. वाहणाऱ्या गोष्टीला एक पायरी खाली उतरावी लागली तर ती उतरते. चढावी लागली तर ठेचकाळते. म्हणून इनटेकच्या बाजूला हेडचं भोक मॅनिफोल्डपेक्षा किंचित मोठं चालतं, छोटं नाही. एक्झॉस्टच्या बाजूला वाहण्याची दिशा उलटी, म्हणून नियम तोच पण माणसं उलटी: तिथे मॅनिफोल्ड मोठा हवा. मॅनिफोल्डचं भोक लहान करता येत नव्हतं, तेव्हा हेडच्या पोर्टची कड गॅस्केटच्या रेघेपर्यंत घासून वाढवायची. हेड इंजिनावरून काढलं, व्हॉल्व्ह उतरवले आणि चाचा अर्धगोल कानस घेऊन बसले.

मी मिरजेच्या ज्या भागात वाढले तिथे तंतुवाद्यं बनतात. एकेकाळी शस्त्रांना धार लावणारे शिकलगार सतार-तंबोऱ्यांकडे वळले आणि गावाला ते नाव मिळालं. लहानपणी शाळेतून येताना मी जवारी काढणाऱ्या माणसाला पाहत उभी राहायची. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची, तार सोडायची, ऐकायचं, पुन्हा दोन हात. घासलेलं परत येत नाही, त्यामुळे प्रत्येक हाताआधी थांबणं जास्त. चाचांचंही तेच चाललं होतं. फक्त ऐकण्याऐवजी ते करंगळी आत घालून कड चाचपत. दोन दिवसांनी त्यांनी माझा हात धरून बोट आत घालायला लावलं. हेड, गॅस्केट, मॅनिफोल्ड: तीन थरांवरून बोट गेलं आणि एक छोटीशी पायरी, उतरती, एवढंच जाणवलं.

दुसरं न जुळणं कार्बोरेटरचं होतं. आमचा कार्बोरेटर सोलेक्स, दोन बोल्टांवर बसणारा. या मॅनिफोल्डच्या माथ्यावरचे स्टड दुसऱ्याच कार्बोरेटरच्या अंतरावर होते. यावरचा उपाय बाजाराला पाठ आहे: मध्ये एक जाड पट्टी घालायची. खालच्या बाजूला मॅनिफोल्डची भोकं, वरच्या बाजूला कार्बोरेटरची, आणि मधला गळा वरून खाली हळूहळू रुंद होत जाणारा, म्हणजे तिथेही पायरी नाही. खालचे स्क्रू पट्टीत बुडवून बसवायचे, नाहीतर वरचा कार्बोरेटर सपाट बसत नाही. पट्टी आणि कार्बोरेटर यांच्यात बेकेलाइटचा तुकडा, कारण मॅनिफोल्डची ऊब वर चढली तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं. लेदवाल्याने अर्ध्या दिवसात पट्टी करून दिली. हे अंतर मोठं होतं, म्हणून उपायही सरळ होता. दोघांच्या मध्ये तिसरा बसवला की झालं.

घातक असतं ते जवळजवळ जुळणारं. मॅनिफोल्डचे स्टड ५/१६ इंचाचे, म्हणजे अडीच सूत. आटे इंचाला चोवीस. त्यांच्यासाठी पितळी नट हवे होते, कारण लोखंडी नट उष्णतेने स्टडला धरून बसतात. दुकानातल्या मुलाने ८ मिलीमीटरचे काढून दिले. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलीमीटर. फरक केसाइतका. नट स्टडवर लागला, एक-दोन फेरेही फिरला, आणि मग जड झाला. मिलीमीटरच्या नटाचे आटे सव्वा मिलीमीटरवर, इंचाच्या स्टडचे साधारण १.०६ वर. जोर केला असता तर बसलाही असता, दोघांचे आटे खाऊन. चाचांनी तो नट काढून मुलाच्या हातात परत ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. अडीच सुताचे पितळी नट मिळायला चार दुकानं फिरावी लागली.

अशा जोडीला मराठीत विजोड म्हणतात. चाचांच्या तोंडी बेमेल हा शब्द येई, सासूबाईंच्या तोंडी बेमानान. तिन्ही शब्द माणसांच्या जोड्यांना लावतात हे वेगळं सांगायला नको. आमच्या लग्नात यांतले दोन तर मी कानांनी ऐकले होते. मराठी माणूस बंगालमध्ये नवा नाही. इथल्या अंगाईगीतात मूल निजवताना अजून बर्गी येतात, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. माझ्या मुलीला सासूबाईंनी तेच गाऊन निजवलं आणि गाताना माझ्याकडे बघून हसल्या. आणि त्याच बंगालमध्ये सखाराम गणेश देउस्कर या मराठी घरातल्या माणसाने बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिलं, १९०४ साली, आणि ते बंगालचं पुस्तक झालं. लुटायला आलेले आणि लिहायला बसलेले, दोघांची नावं एकाच शहराला पाठ आहेत. मला या दोन टोकांपैकी कुठलंच लागू नव्हतं. मी रोजचा बाजार आणि मुलीची शाळा बंगालीत करत आले होते आणि मनातला हिशेब मराठीत. एवढ्यावर बावीस वर्षं निघाली होती, कारण मध्ये एक माणूस होता. आता तो नव्हता, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने प्रेमानेच माझं अंतर मोजत होते.

तिसरं न जुळणं सगळ्यात बारीक होतं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकमेकांना खेटून. मधल्या स्टडवर दोघांच्या कडा शेजारी येतात आणि एकच जाड वॉशर दोघांवर पाय ठेवून उभा राहतो. वरून एक नट. एका नटाने दोघांना दाबायचं. ते जमायला दोघांच्या कडांची जाडी एकसारखी हवी. आमचा एक्झॉस्ट मूळचा, पूर्ण जाडीचा. पाहुणा इनटेक त्याच्या आयुष्यात दोन-तीनदा सपाट घासला गेला होता. व्हर्नियरने मोजलं तर दीड मिलीमीटरचा फरक, अर्ध्या सुतापेक्षाही किंचित कमी. नट कितीही आवळला तरी वॉशर एक्झॉस्टवर टेकून तिरका राहणार आणि इनटेकला फक्त शिवणार.

याला चालू उपाय म्हणजे पातळ पितळी पत्रा कापून इनटेकच्या बाजूला वॉशरखाली सरकवायचा. वेळ कमी होता, म्हणून आधी तोच करून पाहायचं ठरलं. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून त्यांचं तोंड एकदम सपाट करून आणलं, गॅस्केट, पत्रे, वॉशर, नट. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. चार महिने डब्यांत पडलेली ती वस्तू थरथरली, धुराचा एक लोट सोडला आणि चालायला लागली. चाचांनी कानाला रबरी नळी लावून सांध्यावरून फिरवली. शीळ नाही. नवऱ्याच्या पेटीत व्हॅक्यूम गेज होता, तो जोडला. काटा अठरा इंचांवर स्थिर.

दहा मिनिटांनी, इंजिन पुरतं तापल्यावर, काटा हलायला लागला. नळीतून बारीक शीळ. चाचांनी तेलाच्या कुपीतून सांध्यावर थेंब सोडले. मागच्या पोर्टपाशी तेल आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. एक्झॉस्टची कड इनटेकपेक्षा कितीतरी जास्त तापते, तापली की फुगते, वॉशरला उचलते. पत्रा मऊ, तो दबतो. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. थंडपणी जुळलेलं तापल्यावर सुटत होतं.

मुदतीला तेरा दिवस होते. चाचांचा पुतण्या तिथे होता, त्याने सोपा रस्ता सांगितला: कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा सोडायचा. पेट्रोल वाढलं की चोरट्या हवेची भरपाई होते, जागेवर इंजिन गोड चालतं. तपासणीत धूर बघतात तोही जागेवरच. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो, आणि गळक्या इंजिनात हवा जास्त असल्याने तो आकडा उलट कमीच येतो. गाडी पास होईल. मग सावकाश बघा.

हे खोटं नव्हतं. पास झालीच असती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “काग़ज़ पास हो जाएगा, बहू. इंजन फ़ेल होगा. आगे के दो को ज़्यादा मिलेगा, पीछे के दो जलेंगे.” पुढच्या दोन सिलिंडरांना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आणि मागचे दोघे तसेच भाजणार, कारण स्क्रू एक आणि तो चौघांचा मिळून. चौघांची सरासरी बरोबर आली म्हणजे चौघांचं बरोबर चाललंय असं नाही. दुसरा रस्ता होता सगळं परत उतरवून पोलादाचे नवे वॉशर करून घेण्याचा, प्रत्येकाला दीड मिलीमीटरची पायरी काढलेली: जाड बाजू इनटेकवर, पातळ बाजू एक्झॉस्टवर. त्याला लेदवाल्याकडे आठवडा लागणार होता. पूर्वी अशी कामं तो रात्रीत करायचा. आता त्याच्याकडे मुलगा नाही, डोळ्यांना दिसत नाही. तारीख हुकण्याची शक्यता खरी होती.

निर्णय माझा होता, कारण फॉर्म ३१ नंतर गाडी माझी होती. मी चाचांना उतरवायला सांगितलं. घरी येऊन दिराला सांगितलं की कदाचित तारीख चुकेल, दंड मी भरेन, आणि तळमजल्याची खोली एवढ्यात रिकामी होणार नाही. तो म्हणाला, “बौदी, एका वॉशरसाठी?” मी हो म्हणाले. बंगालीत ‘हैं’ म्हणतात तसं.

वॉशर सहाव्या दिवशी आले. चाचांनी प्रत्येकाची पायरी मायक्रोमीटरने मोजली, दोन परत कानसीने साफ केले. हेडवर निळा रंग लावून मॅनिफोल्ड दाबून बघितला. रंग सगळीकडे सारखा उठला. नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. या खेपेला इंजिन अर्धा तास चालवलं, तापू दिलं, गार होऊ दिलं, नट पुन्हा आवळले, पुन्हा तापवलं. काटा अठराच्या किंचित वर जाऊन तिथेच राहिला. चाचांनी कुपीतलं तेल सांध्यावर सोडलं. ते ओघळून खाली आलं.

बेलतल्याला गाडी मी चालवत नेली, मुदतीच्या तीन दिवस आधी. मागच्या सीटवर सासूबाई होत्या; त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं. तपासणी करणाऱ्याने बॉनेट उघडायला लावला, इंजिनाचा नंबर पाहिला, दिवे, हॉर्न, ब्रेक. मॅनिफोल्डकडे त्याने पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं. जुन्या लोखंडाशेजारी काळवंडलेलं ॲल्युमिनियम, एवढंच. पाच वर्षांची नोंद झाली, माझ्या नावावर.

आता ही गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघते. चढाला लागली की पूर्वीपेक्षा जरा जास्त घुमते, मॅनिफोल्डच्या पोटाचा आकार वेगळा आहे म्हणून. चाचा म्हणतात तो तिचा आवाज नाही, त्या दुसरीचा आहे. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर नट आवळायचे होते, मग हजारनंतर, आणि आता दर थंडीत एकदा. दोन धातू तापतात, निवतात, एकमेकांवर किंचित सरकतात. सांधा काही कायमचा बसत नाही, तो बसवत राहावा लागतो. त्या नटांना चार सुताचा पाना लागतो, तेरा नंबरचा चालत नाही, कडा खातो. चाचांनी स्वतःचा दिला. त्यावर कुठलं नाव उरलेलं नाही, नुसता इंचाचा आकडा आहे. तो तळमजल्यावर बिस्किटांच्या डब्यात असतो, आणि त्या डब्यावरची चिठ्ठी माझ्या अक्षरात, मराठीत आहे.